चौथाईचे दहा गुण

दिवाळीच्या सुटीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी बसण्याचा योग आला. घर मराठी, पण महाराष्ट्र सोडून तीन पिढ्या झालेल्या. फराळ आटोपल्यावर मुलांनी स्क्रॅबलचा पट मांडला. खेळ रंगात आला असता धाकट्या नातवाने सी, एच्, ओ, यू, टी अशी पाच अक्षरे ओळीने लावली, 'चाउट' असा काहीसा उच्चार केला आणि दहा गुण मागितले. थोरल्या बहिणीने हरकत घेतली. तेव्हा त्याने शब्दखेळ्यांसाठी छापलेला इंग्रजी कोश उघडून तिच्यापुढे धरला. शब्द होता, आणि त्यापुढे अर्थही होता : धमकावून उकळलेला पैसा. हरकत मिटली, दहा गुण लिहिले गेले. शेजारी आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांनी मात्र विचारले, "अरे, पण हा शब्द आला कुठून?" नातू म्हणाला, "आजोबा, ते विचारायचं नसतं. यादीत असला की झालं." आजोबांनी ती अक्षरे मनाशी दोनतीनदा घोळली, आणि एकदम म्हणाले, "हा तर आपला चौथ!"

प्रसंग एवढाच, पण त्या पाच अक्षरांनी आमचा पिच्छा सोडला नाही. ज्या शब्दावर एके काळी दख्खनच्या सहा सुभ्यांचे राजकारण फिरले, त्याची किंमत दहा गुण ठरावी. आणि तो शब्द ज्यांच्या घरचा, त्यांच्याच मुलाला तो परका म्हणून, परक्यांनी लावलेल्या अर्थासह शिकावा लागावा, याचे प्रथम हसू येते. आणि हसू ओसरल्यावर थोडे वाईटही वाटते. म्हणून दुर्मीळ इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ खेळाडूंच्या सोयीसाठी एकत्र करणाऱ्या या कोशांकडे एकदा टीकाकाराच्या नजरेने पाहावे, असे आम्ही ठरविले. वाङ्मयीन मासिकात खेळाच्या पुस्तकांना जागा कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. आमचे उत्तर असे की, शब्द आणि अर्थ यांचे परस्परांशी नाते काय असावे याविषयी जे पुस्तक निश्चित भूमिका घेते, ते वाङ्मयविचाराच्या कक्षेत आपोआप येते. ही पुस्तके तशी भूमिका घेतात; मग ते त्यांच्या कर्त्यांच्या ध्यानी असो वा नसो.

या कोशांचे स्वरूप कळण्यासाठी खेळाचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९३० नंतरच्या मंदीत काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने रिकाम्या वेळात हा खेळ रचला. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते, याची मोजदाद त्याने 'न्यू यॉर्क टाइम्स'सारख्या वर्तमानपत्रांच्या पानांवरून केली, आणि त्या मोजदादीवरून अक्षरांची संख्या व गुण ठरविले. 'ई' हे अक्षर सर्वांत सुलभ, म्हणून त्याच्या बारा चकत्या आणि प्रत्येकीस एकच गुण. 'क्यू' आणि 'झेड' दुर्मीळ, म्हणून त्यांची एकेकच चकती आणि तिला दहा गुण. 'एस्' खरे तर भाषेत विपुल आहे. पण नुसते अनेकवचन करून गुण मिळविण्याची सोय होऊ नये, म्हणून त्याने त्याच्या चारच चकत्या ठेवल्या. खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव १९४८ साली जेम्स ब्रूनो याने दिले. पंधरा घरे लांब आणि पंधरा घरे रुंद असा हा पट १९५२ पासून घरोघर जाऊ लागला.

पट आला, पण पंच कोण? अमुक शब्द इंग्रजीत आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? अमेरिकेत या भांडणावर १९७८ साली तोडगा निघाला. पाच प्रचलित कोशांचे मंथन करून मेरियम-वेब्स्टर यांनी खास खेळाडूंसाठी एक कोश छापला. इंग्लंडात बराच काळ चेंबर्सचा कोश प्रमाण मानला जाई. १९८८ साली त्याच्याच आधाराने तेथे खेळाडूंची अधिकृत यादी निघाली. चेंबर्सचे मूळ स्कॉटलंडातले. स्कॉच बोलीतले शब्द, स्पेन्सर-शेक्सपिअरच्या काळचे शब्द, जगभरच्या वसाहतींतून आलेले शब्द, असा सारा संसार त्याने आपल्या पोटात साठविलेला. पुढे ते स्थान कॉलिन्सकडे गेले, आणि त्यांच्या यादीत आता दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास शब्दरूपे आहेत. इतके शब्द कोणत्याही एका माणसाने आयुष्यात उच्चारलेले नसतील. शेक्सपिअरने तर नाहीच नाही.

प्रथम या कोशांचे गुण सांगणे न्याय्य होईल. दोन अक्षरांचे शब्द हे या खेळाचे खरे भांडवल. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत ते १२७ होते. त्यांतून फिरून येणे म्हणजे एक लहानशी पृथ्वीप्रदक्षिणाच आहे. 'एए' म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हारस. 'ओई' म्हणजे फॅरो बेटांजवळ उठणारी वावटळ. 'एक्स्-यू' हे व्हिएतनामचे नाणे. 'के-ए' हा प्राचीन मिसरी लोकांच्या कल्पनेतला प्राण. 'क्यू-आय्' ही चिनी तत्त्वज्ञानातली जीवनशक्ती. अमेरिकेच्या यादीत ती २००६ साली आली आणि 'यू'ची वाट पाहत हातात अडकून पडणारा 'क्यू' तिने कायमचा सोडविला. तीन अक्षरांत गेलो तर 'झॅक्स' भेटतो; घराच्या छपरावर घालायच्या पाटीदगडाला आकार देण्याचे ते हत्यार. हत्यार वापरणारे कारागीर आता थोडे उरले, पण शब्द पटावर रोज वापरला जातो. हिमालयात याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या जनावराला 'झो' म्हणतात. ते बिचारे एकच जनावर, पण 'झेड-ओ', 'झेड-एच्-ओ', 'डी-झेड-ओ', 'डी-एस्-ओ' अशा चार वेषांत यादीत वावरते. 'सी-डब्ल्यू-एम्' या शब्दात पाहणाऱ्यास एकही स्वर दिसत नाही. तो वेल्श आहे, त्याचा उच्चार 'कूम' आणि अर्थ डोंगराच्या कुशीतला वाडग्यासारखा खोलगट भाग. एव्हरेस्टच्या वाटेवरचे 'वेस्टर्न कूम' हे नाव मॅलरीने १९२१ साली दिले, त्यातला 'कूम' तो हाच. विस्मृतीत गेलेले कारागीर, बेटांवरचे वारे आणि डोंगरांच्या कुशी यांची नावे ज्या पुस्तकाने जिवंत ठेवली, त्याला केवळ खेळाचे पुस्तक म्हणून झिडकारणे आम्हांस जमणार नाही.

पण हे सारे सुख अर्थाच्या रकान्यात आहे, आणि खेळाच्या दृष्टीने तो रकाना अनावश्यक आहे. येथेच आमच्या तक्रारीला आरंभ होतो. पटावर गुण मिळतात ते अक्षरांना, अर्थाला नव्हे. हे तत्त्व किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स याने घालून दिले. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद अनेकदा मिळविलेल्या या गृहस्थाने २०१५ साली फ्रेंच भाषेतल्या स्पर्धेत भाग घेतला. त्याला फ्रेंच येत नव्हते. त्याने सुमारे नऊ आठवड्यांत फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली, बेल्जियमला गेला आणि जगज्जेता होऊन परतला. २०२४ साली स्पॅनिश भाषेतही त्याने तेच केले. त्याच्या स्मरणशक्तीपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु ज्या भाषेत पाणी मागता येत नाही त्या भाषेत अजिंक्य ठरता येते, ही गोष्ट माणसाविषयी जितके सांगते त्याहून अधिक खेळाविषयी सांगते.

शब्दाचा अर्थ काढून घेतला तर मागे काय उरते, हे मराठी वाचकाला एका उदाहरणाने चटकन पटेल. इंग्रजी यादीत 'ए-आय्' असा एक दोन अक्षरी शब्द आहे. त्याचा उच्चार 'आ-ई' असा होतो. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून आलेला हा शब्द झाडाला उलटे लटकून राहणाऱ्या एका तीन बोटांच्या मंद प्राण्याचे नाव आहे. पटावर त्याला दोन गुण मिळतात. आता अर्थाचा रकाना पुसून टाका, आणि मग या प्राण्यात आणि आपल्या आईत काय फरक राहिला ते सांगा. ध्वनी तोच, गुणही तेच पडतील. शब्दाला माणसाच्या जगात स्थान मिळते ते अर्थामुळे. त्यावाचून तो नुसता आवाज, आणि पटावर तर आवाजही नव्हे, नुसत्या लाकडी चकत्या.

या वृत्तीचा कळस ठरावा असा एक शब्द कॉलिन्सच्या यादीत आहे. 'ई-यू-ओ-यू-ए-ई', सहाच्या सहा अक्षरे स्वर. मध्ययुगीन ख्रिस्ती स्तोत्रगायनातल्या एका समाप्तिसूत्राचे हे नाव. पण ते बनले कसे? स्तोत्राच्या अखेरीस येणाऱ्या 'सेक्युलोरम आमेन' या लॅटिन शब्दांतली व्यंजने गाळली आणि उरलेले स्वर एका ओळीत लिहिले, एवढेच. गायकांची ती स्मरणखूण होती. खूण शब्द झाली, शब्द यादीत आला, आणि स्वरांनी हात भरून गेलेल्या खेळाडूला तो वरदान ठरला. भाविकांच्या मुखातले 'युगानुयुगे, तथास्तु' हे आश्वासन गळून गेले आणि मागे सहा गुण उरले. आपल्या ॐकाराचीही गत निराळी नाही. 'ओ-एम्' यादीत आहे, चार गुणांचा. आणि त्याला 'एस्' लावून केलेले अनेकवचनही मान्य आहे! एकमेवाद्वितीयाचे अनेकवचन करून एक गुण वाढविता येतो, हे उपनिषत्कारांना सुचले नव्हते.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. अर्थ न कळता पाठ करण्याची चाल आपल्याकडे नव्हती काय? पाठशाळेतला मुलगा अमरकोश पाठ करी तेव्हा त्याला त्यातले किती समजे? आक्षेप खरा आहे. पण अमरकोशाची रचना पाहावी. तेथे शब्द अर्थाच्या कुटुंबांत बसविलेले आहेत : स्वर्ग, काल, भूमी, वनौषधी, मनुष्य. पाण्याची सर्व नावे एका ठिकाणी, अग्नीची दुसऱ्या ठिकाणी. आज पाठ केलेले उद्या समजेल, अशी व्यवस्था त्या रचनेतच होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोशही वर्गवारीने रचलेला आहे, आणि फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देताना तो अर्थाला धरूनच चालतो. खेळाडूंच्या याद्यांत मात्र शब्द बसतात ते लांबीवरून आणि अक्षरांवरून. तेथे 'क्यू' असलेले सर्व एका पंगतीला, मग त्यांची कुळे कोणतीही असोत. शिवाय आपल्या परंपरेने या पाठांतरावर टीकाही केलेली आहे. अर्थ न जाणता वेद पढणाऱ्याला यास्काने निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. आणि कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी जगाच्या मातापित्यांना वंदन करताना त्यांच्या अभिन्नतेला उपमा शोधली ती शब्द आणि अर्थ यांचीच. अक्षरांचे खेळ आपणही खेळलो. मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येणारे निरोष्ठ रामायण रचले. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य. पण अक्षरे वर्ज्य केली तरी रामकथा त्यांनी वर्ज्य केली नाही. खेळ अक्षरांचा आणि जबाबदारी अर्थाची, असा तो प्रकार होता. घरोघर चालणाऱ्या भेंड्यांतही अखेरचे अक्षर धरून सुरू करावयाचे असते ते अख्खे पद्य, नुसता शब्द नव्हे.

मात्र अर्थ दाराबाहेर काढला म्हणून तो जात नाही, हा अनुभव खुद्द खेळाडूंनाही आलेला आहे. अमेरिकन कोशात काही वंशांना व धर्मांना हिणविणारे शब्द होते. त्यांवर आक्षेप आल्यावर १९९४ साली ते गाळण्याचा निर्णय झाला. खेळाडूंनी निषेध केला. त्यांचे म्हणणे असे की, पटावर शब्दाला अर्थ नसतोच. मग अपमान कसला? अखेर जी तडजोड झाली ती आम्हांस फार बोलकी वाटते. घरांसाठी आणि शाळांसाठी अर्थांसह, पण ते शब्द वगळलेला कोश. आणि स्पर्धांसाठी १९९८ साली निघालेली संपूर्ण यादी, पण अर्थांशिवाय. म्हणजे शब्द ठेवावयाचा तर अर्थ झाकावा लागला, आणि अर्थ दाखवावयाचा तर शब्द गाळावा लागला! ज्याचे अस्तित्व नाकारले त्याच्याच भीतीने ही व्यवस्था केली गेली. पुढे २०२० साली उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने असे दोनशेंहून अधिक शब्द स्पर्धांच्या यादीतूनही काढले, आणि २०२१ साली इतर देशांत चालणाऱ्या यादीतून सुमारे चारशे शब्द गेले. ते काढणे योग्य होते की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकेल. परंतु एवढे निश्चित झाले की, ज्याच्या कानावर तो शब्द एकदा शिवी म्हणून पडला आहे, त्याच्यापुढे 'या केवळ चकत्या आहेत' हा युक्तिवाद टिकत नाही.

आता आपल्या चौथाईकडे वळू. या याद्यांत हिंदुस्थानातून गेलेल्या शब्दांची गर्दी आहे. डाळ तर पाच तऱ्हांनी लिहिता येते. फकीर 'क्यू' घेऊन सतरा गुणांचा झाला आहे. कव्वाली सात अक्षरांची, म्हणून साती चकत्या एकदम लावल्याचे पन्नास गुण वर मिळवून देणारी. हरताळ आहे, घेराव आहे, खादी आहे. मराठीपुरते पाहिले तर मुंगूस सर्वांत प्रसिद्ध. इंग्रजीतला 'माँगूस' आपल्याच मुंगसावरून गेलेला. पण त्याची अखेरची अक्षरे इंग्रजीत हंसासारख्या एका पक्ष्याचे नाव होतात, म्हणून काही कोशांनी त्याचे अनेकवचन त्या पक्ष्याच्या चालीवर 'माँगीस' असेही मान्य करून टाकले. सापाशी झुंजणारे आपले मुंगूस अशा रीतीने थव्यात जाऊन बसले! पेशवाही यादीत आहे, एकाहून अधिक वर्णलेखनांनी. त्यांपैकी 'पी-ई-आय्-एस्-एच्-डब्ल्यू-ए' हे सात अक्षरांचे रूप खेळाडूंच्या विशेष लाडके होण्यासारखे आहे. रयत आहे, ती मात्र चार अक्षरांची आणि सात गुणांची. चौथाईला दहा आणि रयतेला सात! हिशेब नकळत केलेला असला, तरी इतिहासात तो पुष्कळदा असाच लागलेला आहे.

चौथ म्हणजे काय? उत्पन्नाचा चौथा हिस्सा. दमणच्या पोर्तुगीजांकडून रामनगरचा राजा तो शिवाजीमहाराजांच्या आधीपासून घेत असे. महाराजांनी ती पद्धत उचलली आणि तिचे राजनीतीत रूपांतर केले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि शेकडा दहा सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा ती बादशहाने मान्य केलेली गोष्ट झाली. तिच्या स्वरूपाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. न्यायमूर्ती रानड्यांना तिच्यात पुढे वेलस्लीने आणलेल्या तैनाती फौजेच्या पद्धतीचे पूर्वरूप दिसले. सरदेसायांनी ती जिंकलेल्या वा शत्रूच्या मुलखाकडून घेतलेली खंडणी मानली. जदुनाथ सरकारांच्या मते ती मराठ्यांची स्वारी टाळण्यासाठी दिलेली रक्कम होती, संरक्षणाची हमी नव्हे. एवढा वाद ज्या शब्दाच्या पोटात आहे, त्यापुढे कोशाने एकच निवाडा लिहावा, आणि तोही आरोपीला न विचारता!

येथे मराठी अभिमानाला हाक घालणे सोपे आहे. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांस ते शोभणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर पुनःपुन्हा चालून गेल्या, आणि अखेर अलीवर्दीखानाने सालीना बारा लक्ष रुपये चौथ कबूल केली. तेथल्या खेड्यांत त्या काळाची आठवण अजून आहे. आपला 'बारगीर' तेथे 'बर्गी' झाला, आणि बंगाली आया बर्गी आले असे सांगत मुलांना झोपवू लागल्या. त्या मातांना चौथ या शब्दाचा अर्थ विचारला असता, तर त्यांनी इंग्रजी कोशाहून सौम्य उत्तर दिले नसते. म्हणजे कोशातला अर्थ खोटा आहे, अशी आमची तक्रार नाही. तो एका बाजूचा आहे, आणि आपण एका बाजूचे आहोत हे तो सांगत नाही, ही तक्रार आहे. शब्दाला अर्थ असतो म्हणजे तो कोणीतरी कोणालातरी उद्देशून वापरलेला असतो. पुण्याच्या दफ्तरात चौथ हा हक्क होता, बंगालच्या पाळण्याजवळ ते भय होते, कंपनीच्या अंमलदाराच्या टिपणात तो गुन्हा होता. शब्द एकच. परप्रांतात घर केलेल्या मराठी माणसाला या तिन्ही घरांत बसण्याची संधी मिळते, आणि म्हणून असा शब्द नीट ऐकण्याची जबाबदारीही त्याच्यावर अधिक येते.

या कोशांविषयी आमचा अभिप्राय आता थोडक्यात सांगतो. संग्राहक म्हणून ते थोर आहेत. इतर कोशांनी अडगळीत टाकलेले शब्द त्यांनी रोजच्या हाताळणीत ठेवले. त्यांचा पहिला दोष असा की, अर्थ देताना ते केवळ उपचार पाळतात. एका ओळीच्या वर जात नाहीत आणि कधी तर एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून मोकळे होतात. दुसरा दोष अधिक गंभीर : शब्दाचे मूळ ते बहुधा देत नाहीत. 'चाउट'पुढे 'मराठी-हिंदी चौथ, म्हणजे चौथा हिस्सा' एवढे चार शब्द असते, तर त्या मुलाला आपल्या आजोबांच्या खुर्चीपर्यंतची वाट त्याच ओळीत सापडली असती. जागेची अडचण सांगितली जाईल. पण ज्या पुस्तकाला ॐकाराचे अनेकवचन छापायला जागा होते, त्याने ही सबब सांगू नये. आणि ज्या याद्या अर्थ मुळीच देत नाहीत, त्यांना कोश हे नाव आम्ही देणार नाही. ते नुसते मोजमापाचे वही-खाते होय.

मुलांनी हा खेळ खेळू नये, असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. उलट, शब्दांची अशी ओढ लावणारे खेळ थोडेच आहेत. आमची सूचना एवढीच की, मराठी घरांत पटाशेजारी खेळाडूंच्या कोशाबरोबर दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंडही असावेत, किंवा निदान एखादे आजोबा तरी असावेत. त्या दिवशी आजोबांनी खेळ थांबवून नातवाला चौथाईची सारी हकीकत सांगितली. बंगालच्या पाळण्याची गोष्टही गाळली नाही. मुलाने ती लक्ष देऊन ऐकली आणि मग विचारले, "म्हणजे माझे दहा गुण राहिले ना?" राहिले, अर्थातच राहिले. पण पुढच्या डावापासून त्या घरात एक नवा नियम आला आहे, आणि तो आम्ही सर्व वाचकांपुढे शिफारशीसह ठेवतो : जो शब्द लावील त्याने त्याचा अर्थ सांगावा, सांगता आला नाही, तर त्याच्या गुणांतून चौथ कापून घ्यावी.